मुरमांचे वण: डाग, खड्डे आणि गाठी

त्वचेला झालेली प्रत्येक इजा वण ठेवून जात नाही. त्वचेचा सर्वांत वरचा थर म्हणजे बाह्यत्वचा. चेहऱ्यावर तिची जाडी मिलिमीटरचा सुमारे दहावा भाग एवढीच असते आणि तिच्यातल्या पेशी साधारण चार ते सहा आठवड्यांत बदलून जातात. इजा एवढ्या थरापुरती असेल तर ती मागमूस न ठेवता भरून येते. तिच्याखालची अंतस्त्वचा वेगळ्या घडणीची आहे. ती एक ते दोन मिलिमीटर जाड असून कोलॅजन या प्रथिनाच्या धाग्यांनी विणलेली असते. त्वचेचा भरीवपणा आणि ताण या विणीमुळे टिकतो. ही वीण तुटली की शरीर ती जोडते खरे, पण जशी होती तशी पुन्हा विणू शकत नाही. जोडलेली ती जागा म्हणजे वण. पूर्ण पक्व झालेल्या वणाची ताकदसुद्धा मूळ त्वचेच्या सुमारे ८० टक्क्यांपलीकडे जात नाही. मुरमांच्या वणांवरचे उपचार समजून घेताना ही गोष्ट सतत डोळ्यांसमोर असावी लागते. दोष खालच्या थरात असतो, वर दिसतो तो त्याचा परिणाम. बाजारातल्या बहुतेक ‘डाग घालवणाऱ्या’ क्रीमबद्दलची निराशा इथूनच सुरू होते.

मुरमाची सुरुवात होते ती केसाचे मूळ आणि त्याला चिकटलेली तैलग्रंथी यांच्या जोडीत. या ग्रंथी चेहरा, छाती आणि पाठीच्या वरच्या भागात दाट असतात, म्हणून मुरूमही तिथेच येतात. वयात येताना अँड्रोजेन संप्रेरकांमुळे ग्रंथी जास्त तेल बनवू लागतात. त्याच वेळी केसाच्या नळीच्या आतल्या पेशी नीट झडून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटतात आणि तोंडाशी बूच बसते. तोंड उघडे राहिले तर त्यालाच लोक ब्लॅकहेड म्हणतात. त्याचा काळा रंग मळाचा नसतो, तो मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे आणि हवेशी झालेल्या प्रक्रियेमुळे आलेला असतो. त्यामुळे साबणाने कितीही घासले तरी तो निघत नाही. तोंड बंद असेल तर व्हाइटहेड. अडकलेल्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हा जिवाणू वाढतो. तो प्रत्येकाच्या त्वचेवर असतोच. पण कोंडलेल्या जागी त्याची संख्या आणि त्याने सोडलेली द्रव्ये वाढली की शरीराची प्रतिकारयंत्रणा जागी होते, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात आणि लाल, दुखरी पुटकुळी तयार होते.

इथपर्यंत नुकसान भरून येण्यासारखे असते. वणाचे बीज पडते ते नळीची भिंत फुटल्यावर. आतले तेल, पेशींचा कचरा, जिवाणू आणि पू अंतस्त्वचेत सांडतात. शरीर त्यांना परके समजून हल्ला चढवते. त्या हल्ल्यात पांढऱ्या पेशी जी विकरे सोडतात ती शेजारचे कोलॅजनही विरघळवतात. पुढे दुरुस्ती सुरू होते. फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी नवे कोलॅजन बनवतात, आधी घाईघाईने विणलेले कच्चे धागे येतात, मग कित्येक महिने त्यांची फेररचना होत राहते. जितके विरघळले तितके भरले नाही तर पृष्ठभाग खाली बसतो आणि खड्डा पडतो. गरजेपेक्षा जास्त भरले तर उंचवटा येतो. चेहऱ्यावरच्या मुरमांच्या वणांपैकी ८० ते ९० टक्के वण खड्ड्यांचे असतात. उंच वण जबड्याची कड, छाती, खांदे आणि पाठ या भागांत जास्त आढळतात.

सारखेच मुरूम आलेल्या दोन बहिणींपैकी एकीच्या चेहऱ्यावर खड्डे पडतात, दुसरीच्या नाही. याचे एक उत्तर इंग्लंडमधल्या लीड्स इथल्या संशोधकांनी २००४ मध्ये दिले. त्यांनी वण पडणाऱ्या आणि न पडणाऱ्या रुग्णांच्या मुरमांचे सूक्ष्म तुकडे तपासले. ज्यांना वण पडत नाहीत त्यांच्या मुरमात सुरुवातीचा दाह जोरदार होता, पण तो लवकर ओसरत होता. ज्यांना वण पडतात त्यांच्यात सुरुवात मंद होती आणि दाह रेंगाळत होता. म्हणजे मुरूम किती मोठा दिसला यापेक्षा दाह किती काळ राहिला याला महत्त्व आहे. म्हणूनच गाठीएवढे मोठे मुरूम नसलेल्या, फक्त बारीक पुटकुळ्या वर्षानुवर्षे येत राहिलेल्या चेहऱ्यावरही शेवटी खड्डे दिसू शकतात. लीड्समध्येच १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुरमांच्या ९५ टक्के रुग्णांच्या चेहऱ्यावर कमी-अधिक वण आढळले होते, स्त्रिया आणि पुरुष दोघांतही सारखेच. योग्य उपचार सुरू व्हायला जितका उशीर, तितके वण जास्त, असेही त्या पाहणीत दिसले. ‘वयाचे आहे, आपोआप जाईल’ हा सल्ला घरोघरी प्रेमानेच दिला जातो. मुरमांपुरता तो पुष्कळदा खरा ठरतो. वणांच्या बाबतीत तो महागात पडतो.

मुरूम फोडण्याने होणारे नुकसानही याच कारणाने होते. नखाने दाबल्यावर पू बाहेर येताना दिसतो, पण दाब चारी बाजूंना जातो आणि नळीची भिंत आतल्या अंगाला फुटण्याची शक्यता वाढते. जो दाह नळीपुरता राहिला असता तो अंतस्त्वचेत उतरतो. खपली पुन्हा पुन्हा काढली तर जखम उघडी राहते आणि दाह लांबतो.

डाग आणि खड्डा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत झाली की उपचारही चुकतात. मुरूम बसल्यावर त्या जागी राहिलेला तपकिरी किंवा काळपट ठिपका हा खरा वण नाही. दाहामुळे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी चाळवल्या जातात आणि जास्तीचे मेलॅनिन साठते, एवढाच त्याचा अर्थ. त्वचेच्या पातळीत काही फरक पडलेला नसतो. डोळे मिटून त्यावरून बोट फिरवले तर काही लागत नाही. गोऱ्या त्वचेत असेच लालसर ठिपके राहतात, ते तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुगलेल्या राहिल्यामुळे. हे दोन्ही प्रकार काळाबरोबर फिके होतात. रंगद्रव्य वरच्या थरात असेल तर काही महिन्यांत, खालच्या थरात उतरले असेल तर वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो. भारतीय त्वचेत हे डाग फार ठळक उठतात, आणि ‘माझ्या चेहऱ्यावर वण आहेत’ म्हणून दवाखान्यात येणाऱ्या अनेक तरुणांच्या चेहऱ्यावर प्रत्यक्षात फक्त डागच असतात. त्यांना लेसरची गरज नसते. रोजचे सनस्क्रीन, अ‍ॅडापलीन किंवा अ‍ॅझेलाइक अ‍ॅसिडसारखे औषध आणि धीर यांवर त्यांचे काम भागते. सनस्क्रीन किमान एसपीएफ ३० चे असावे आणि पुरेशा प्रमाणात लावलेले असावे. सावळ्या त्वचेतले डाग अतिनील किरणांनीच नव्हे तर डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशानेही गडद होतात, त्यामुळे आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगाची छटा असलेले सनस्क्रीन इथे जास्त उपयोगी पडते.

खड्ड्यांचे आज सर्वत्र वापरले जाणारे वर्गीकरण अमेरिकेतल्या जेकब, डोव्हर आणि कामिनर या डॉक्टरांनी २००१ मध्ये मांडले. त्यात तीन प्रकार आहेत आणि तिन्हींची इंग्रजी नावेच केसपेपरवर लिहिली जातात. पहिला आइसपिक. दाभणाने टोचल्यासारखे हे भोक तोंडाशी दोन मिलिमीटरपेक्षा अरुंद असते आणि निमुळते होत अंतस्त्वचेच्या तळापर्यंत, कधी त्याखालच्या चरबीपर्यंत जाते. गालांवर आणि नाकाजवळ हे जास्त दिसतात, आणि खड्ड्यांमध्ये यांचीच संख्या सर्वाधिक, ६० ते ७० टक्के असते. अनेकजण यांना ‘मोठी झालेली रंध्रे’ समजतात. दुसरा बॉक्सकार. याचा तळ सपाट आणि कडा उभ्या असतात, रुंदी दीड ते चार मिलिमीटर. कांजिण्यांच्या व्रणांशी यांचे साम्य आहे. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा उथळ असलेले बॉक्सकार उपचारांना चांगला प्रतिसाद देतात, त्याहून खोल असलेले हट्टी ठरतात. तिसरा रोलिंग. हे चार-पाच मिलिमीटरपेक्षा रुंद, उथळ, कडा नसलेले असतात. अशा गालावर एकेक खड्डा मोजता येत नाही, सगळा पृष्ठभागच उंचसखल वाटतो. याचे कारण वरच्या त्वचेत नाही. अंतस्त्वचेपासून खालच्या थरापर्यंत तंतूंचे पट्टे तयार झालेले असतात आणि ते त्वचेला खाली खेचून धरतात. बहुतेक चेहऱ्यांवर हे तिन्ही प्रकार एकत्र असतात.

तपासणीसाठी महागडे यंत्र लागत नाही. समोरून पडणाऱ्या प्रखर उजेडात खड्डे दडतात, म्हणून रुग्णाला बसवून दिवा बाजूने, गालाला समांतर धरला जातो. सावल्या पडल्या की प्रत्येक खड्ड्याची कड आणि खोली दिसते. मग दोन बोटांनी त्वचा ताणली जाते. ताणल्यावर खड्डा सपाट झाला तर तो उथळ किंवा खालून खेचलेला असतो. ताणूनही तसाच राहिला तर खोल. ऑस्ट्रेलियातले ग्रेग गुडमन आणि जेनिफर बॅरन यांनी २००६ मध्ये मांडलेली श्रेणीपद्धत वण किती अंतरावरून दिसतो आणि ताणल्यावर सपाट होतो का, या दोन गोष्टींवर आधारलेली आहे. पहिल्या श्रेणीत फक्त रंगाचे डाग, दुसऱ्यात पन्नास सेंटिमीटरवरून, म्हणजे बोलताना समोरची व्यक्ती असते तेवढ्या अंतरावरून, सहज न दिसणारे वण. तिसऱ्यात त्या अंतरावरून दिसणारे पण ताणल्यावर सपाट होणारे, आणि चौथ्यात ताणूनही न जाणारे. आरशापासून वीतभर अंतरावर उभे राहून स्वतःचा चेहरा न्याहाळणाऱ्याला दुसऱ्या श्रेणीचे वणही भयंकर वाटतात. त्याचे दुःख खोटे नसते. पण कोणता उपचार कितपत करायचा हे ठरवताना हे अंतर लक्षात घ्यावे लागते. उपचारापूर्वीचे फोटो त्याच बाजूच्या उजेडात, त्याच कोनातून काढून ठेवणे आवश्यक आहे. उजेड बदलला की ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या फोटोंना काही अर्थ उरत नाही, आणि जाहिरातींतल्या फोटोंकडेही याच नजरेने पाहावे.

वणांच्या उपचारांतली पहिली पायरी म्हणजे मुरूम थांबवणे. एकीकडे जुने खड्डे भरायचे आणि दुसरीकडे नवे पडू द्यायचे, याला अर्थ नाही. सौम्य मुरमांसाठी बेंझॉइल पेरॉक्साइड आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेली रेटिनॉइड मलमे वापरतात. रेटिनॉइडचा फायदा दुहेरी आहे. ती नळीतले बूच सोडवतात आणि अंतस्त्वचेत नवे कोलॅजन बनायलाही मदत करतात. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांच्या अर्ध्या चेहऱ्यावर ०.३ टक्के अ‍ॅडापलीन आणि २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड यांचे मिश्रण, तर उरलेल्या अर्ध्यावर औषधाविना तेच जेल लावण्यात आले. २४ आठवड्यांनी औषधाच्या बाजूचे खड्डे कमी झालेले होते, दुसऱ्या बाजूला ते वाढले होते. खोल, गाठीदार मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या आहेत. १९८२ पासून वापरात असलेले हे औषध तेल, बूच, जिवाणू आणि दाह या मुरमांच्या चारही कारणांवर काम करते. त्याबद्दल समाजात भीती पुष्कळ आहे. तिच्यातला एक भाग पूर्णपणे रास्त आहे. गर्भावर त्याचा अत्यंत घातक परिणाम होतो, म्हणून स्त्रियांनी ते घेताना आणि बंद केल्यावर एक महिना गर्भधारणा कटाक्षाने टाळायची असते. बाकी बहुतेक त्रास, ओठ फुटणे आणि त्वचा कोरडी पडणे, औषध थांबल्यावर जातात. डॉक्टरच्या देखरेखीशिवाय, दुकानातून परस्पर आणून ते घेऊ नये. हे औषध घेतल्यानंतर सहा महिने ते वर्षभर वणांवर कोणतीही प्रक्रिया करू नये, असा नियम अनेक वर्षे पाळला गेला. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या आणि भारतातल्या तज्ज्ञगटांनी पुरावे तपासून तो बराच सैल केला. वरवरचे पील, म्हणजे सौम्य अ‍ॅसिडने वरचा थर सोलणे, आणि फ्रॅक्शनल लेसर (त्याबद्दल पुढे) यांसाठी थांबण्याची गरज नाही असे त्यांनी म्हटले. त्वचा यंत्राने खरवडण्याच्या प्रक्रियेला मात्र त्यांनी ही सूट दिली नाही.

यानंतर प्रत्यक्ष वणांचे उपचार येतात. खड्ड्याचा आकार पाहून उपचार निवडायचा हे इथले सूत्र. एकाच यंत्राने सगळे खड्डे भरून देण्याचे आश्वासन मिळाले तर सावध व्हावे.

आइसपिक खड्ड्यांपर्यंत वरून मारलेला लेसर नीट पोचत नाही, कारण ते अरुंद आणि खोल असतात. त्यांच्यासाठी २००२ मध्ये दक्षिण कोरियातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी क्रॉस नावाची पद्धत मांडली. साधन अगदी साधे असते. लाकडी टूथपिकचे टोक तासून आणखी बारीक केले जाते, ते ट्रायक्लोरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिडच्या ६५ ते १०० टक्के तीव्रतेच्या द्रावणात बुडवून फक्त खड्ड्याच्या तळाशी दाबले जाते. काही सेकंदांत खड्डा आतून पांढराशुभ्र होतो. आतल्या प्रथिनांचे साकळणे असे डोळ्यांना दिसते. हा पांढरेपणा कडेच्या निरोगी त्वचेवर पसरता कामा नये, सगळे कौशल्य तेवढ्यात आहे. दोन-तीन दिवसांत बारीक खपली धरते, आठवड्याभरात पडते, आणि पुढच्या काही आठवड्यांत तळातून नवे कोलॅजन वर येते. चार ते सहा आठवड्यांच्या अंतराने तीन-चार किंवा जास्त वेळा हे करावे लागते. खर्च कमी, परिणाम चांगला. पण हेच अ‍ॅसिड ऑनलाइन मागवून घरी वापरणाऱ्यांच्या चेहऱ्यावर खड्ड्याच्या जागी रुंद, पांढरा वण पडलेला त्वचारोगतज्ज्ञांना पाहावा लागतो. ते घरी वापरण्याचे द्रव्य नाही.

फार खोल आइसपिक किंवा उभ्या कडांचा बॉक्सकार असेल तर पंच वापरतात. पंच म्हणजे गोल पाते असलेली बारीक नळी. तिने खड्डा मुळासकट कापून एका टाक्याने शिवता येतो. तळाची त्वचा चांगली असेल तर तेवढाच गोल भाग सोडवून वर उचलता येतो, नाहीतर कानामागची त्वचा तिथे बसवता येते. खड्ड्याच्या जागी एक बारीक सरळ रेघ येते, आणि ती पुढे लेसरने पुसट करता येते.

रोलिंग खड्ड्यांवर सर्वांत भरवशाचा उपाय म्हणजे सबसिजन. न्यूयॉर्कचे डेव्हिड आणि नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९९५ मध्ये त्याचे वर्णन केले. गाल बधिर करून टोकाला पाते असलेली जाडसर सुई किंवा बोथट कॅन्युला त्वचेखाली आडवी सरकवली जाते आणि मागे-पुढे, मग पंख्याच्या आकारात फिरवली जाते. पट्टे तुटताना डॉक्टरच्या हाताला करकर जाणवते, रुग्णालाही तो आवाज ऐकू येतो, दुखत मात्र नाही. खेचून धरलेली त्वचा सुटून वर येते. आत साचलेले रक्त ती जागा काही काळ धरून ठेवते आणि त्याच्या आधाराने नवे कोलॅजन बनते. आठवडाभर गाल काळानिळा दिसतो, त्यामुळे लग्नसमारंभाच्या तोंडावर हे करू नये. लेसरच्या झगमगाटात सबसिजनचे नाव मागे पडते आणि रुग्णही ‘मशीन’ मागतात. रोलिंग वणांत या सुईचे काम दुसरे कोणतेही यंत्र पूर्णपणे करू शकत नाही.

उथळ बॉक्सकार आणि एकंदर खडबडीत पोत यांसाठी संपूर्ण पृष्ठभागावर काम करणाऱ्या पद्धती आहेत. त्यांचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे. जर्मन डॉक्टर अर्न्स्ट क्रोमायर यांनी १९०५ मध्ये दातांच्या डॉक्टरांकडे असते तसे फिरते यंत्र वापरून त्वचा खरवडण्याचे वर्णन केले. १९५३ मध्ये न्यूयॉर्कच्या अब्नर कुर्टिन यांनी तारेचा ब्रश आणून ती पद्धत रूढ केली. हिला डर्माब्रेजन म्हणतात. परिणाम चांगला मिळत असे, पण सावळ्या त्वचेत रंग कायमचा बिघडण्याचा धोका मोठा होता.

पुढचे पाऊल लेसरचे, आणि इथे एक धागा थेट महाराष्ट्राशी जुळतो. कार्बन डायऑक्साइड लेसर बनवणारे चंद्रकुमार पटेल यांचा जन्म १९३८ मध्ये बारामतीत झाला. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले आणि १९६४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत त्यांनी हा लेसर तयार केला. त्याच्या किरणांची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर असते आणि पाणी ती झटकन शोषते. त्वचेत पाणी भरपूर असल्यामुळे किरण जिथे पडतो तिथला अगदी पातळ थर वाफ होऊन उडून जातो. १९९० च्या दशकात या लेसरने संपूर्ण चेहऱ्याची वरची त्वचा काढली जाई. खड्डे सुधारत, पण चेहरा आठवडा-दोन आठवडे ओल्या जखमेसारखा राही, लाली महिनोन्महिने टिके, आणि भारतीय त्वचेवर काळे-पांढरे चट्टे पडत. २००४ मध्ये हार्वर्डशी संलग्न संशोधक डिटर मॅनस्टाइन, रॉक्स अँडरसन आणि सहकाऱ्यांनी तोडगा काढला. सगळा पृष्ठभाग न भाजता केसाच्या जाडीएवढे असंख्य सूक्ष्म स्तंभ भाजायचे आणि त्यांच्या अधेमधे निरोगी त्वचा शिल्लक ठेवायची. ती शिल्लक त्वचा भोवतालची जखम एक-दोन दिवसांत झाकते. या फ्रॅक्शनल पद्धतीमुळेच लेसर सावळ्या चेहऱ्यावर वापरण्याजोगा झाला. आज फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर महाराष्ट्रातल्या जिल्ह्याच्या ठिकाणीही मिळतो. त्यानंतर पाच-सात दिवस चेहऱ्यावर बारीक ठिपक्यांची खपली राहते आणि उन्हापासून कडक जपावे लागते.

मायक्रोनीडलिंगमध्ये उष्णता नसते, बारीक सुयांनी अंतस्त्वचेपर्यंत हजारो भोके पाडून दुरुस्तीची यंत्रणा जागवली जाते. या कल्पनेमागे एक योगायोग आहे. १९९७ मध्ये कॅनडातले कामिराँ आणि दूसे हे शल्यविशारद वणाच्या रंगावर उपाय म्हणून गोंदण्याचे यंत्र वापरत होते, तेव्हा सुयांनीच वण सुधारतो असे त्यांच्या लक्षात आले. मग त्यांनी रंग न भरताच ते यंत्र चालवले. खड्ड्यांसाठी सुई दीड ते अडीच मिलिमीटर लांब लागते. घरी वापरायला विकल्या जाणाऱ्या रोलरची सुई पाव मिलिमीटरच्या आसपास असते, ती अंतस्त्वचेपर्यंत पोचत नाही आणि नीट निर्जंतुक केली नाही तर संसर्ग देते. सुयांच्या टोकांतून रेडिओलहरींची उष्णता सोडणारी यंत्रेही आता प्रचलित आहेत. वरची त्वचा भाजत नसल्याने त्यांत डाग पडण्याचा धोका फ्रॅक्शनल लेसरपेक्षा कमी असतो. स्वतःच्या रक्तातला प्लेटलेटयुक्त द्राव यासोबत वापरतात, त्याने थोडी भर पडते, एकट्याने तो खड्डे भरत नाही. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडचे हलके पील डाग उजळण्यासाठी ठीक आहेत. खड्ड्यांसाठी त्यांच्यावर पैसे खर्च करणे व्यर्थ आहे. हायल्युरॉनिक अ‍ॅसिडचे फिलर खड्डा लगेच वर उचलतात, पण काही महिन्यांनी ते विरघळतात.

त्वचेच्या रंगाचा विचार प्रत्येक निर्णयात करावा लागतो. थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ऊन लागल्यावर त्वचा किती भाजते आणि किती रापते यावरून तिचे प्रकार पाडले. भारतातले बहुसंख्य लोक चौथ्या आणि पाचव्या प्रकारात मोडतात. या त्वचेला सुरकुत्या उशिरा पडतात, पण कोणत्याही इजेला ती काळ्या डागाने उत्तर देते. लेसरची शक्ती कमी ठेवणे, स्तंभांची दाटी कमी ठेवणे, दोन वेळांत पुरेसे अंतर ठेवणे आणि आधी-नंतर सनस्क्रीन काटेकोर वापरणे यावर निकाल अवलंबून असतो. युरोपीय त्वचेसाठी ठरवलेले आकडे जसेच्या तसे लावले तर खड्डा थोडा भरतो आणि त्याजागी महिनोन्महिने डाग राहतो.

भारतातले एक संकट याहून मोठे आहे. गोरेपणाच्या हव्यासातून स्टिरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन यांच्या मिश्रणाची मलमे औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय घेतली जातात. पहिल्या आठवड्यात चेहरा उजळतो, मुरूम बसल्यासारखे वाटतात. काही आठवड्यांत त्वचा पातळ होते, लाल पडते, केस वाढतात, आणि स्टिरॉइडमुळेच मुरमांचे नवे पीक येते. मलम थांबवले की आग होते, म्हणून ते पुन्हा लावले जाते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने अनेक वर्षे पाठपुरावा केल्यावर केंद्र सरकारने २०१८ मध्ये स्टिरॉइड मलमे ‘शेड्यूल एच’मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीनेच विकायच्या औषधांत घातली. नियम आला तरी दुकानातली विक्री थांबलेली नाही. मैत्रिणीने, शेजारणीने किंवा पार्लरमध्ये सुचवलेल्या ट्यूबवर ‘बीटामेथासोन’, ‘क्लोबेटासोल’ किंवा ‘मोमेटासोन’ यांपैकी एखादे नाव असेल तर ती चेहऱ्याला लावू नये. लिंबू, खाण्याचा सोडा आणि टूथपेस्टने वण भरत नाहीत. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास उलट त्वचा भाजून काळी पडते. हळद-चंदनाचा लेप वरच्या थरापुरताच राहतो, त्यामुळे त्यानेही खड्डा भरणार नाही.

उंच वणांची तऱ्हा वेगळी आहे. जखमेच्या हद्दीतच राहणारा उंचवटा हायपरट्रॉफिक, आणि हद्द ओलांडून निरोगी त्वचेत पसरणारा, खाजणारा, दुखणारा वण म्हणजे केलॉइड. केलॉइडची प्रवृत्ती घराण्यात असते. कान टोचल्यावर पाळीला गाठ आलेली असेल तर तो मोठा इशारा समजावा. अशा व्यक्तीवर खरवडणे, सुया टोचणे किंवा खोल लेसर करण्यापूर्वी दहादा विचार करावा लागतो. गाठीत ट्रायअ‍ॅमसिनोलोन या स्टिरॉइडचे इंजेक्शन तीन-चार आठवड्यांच्या अंतराने देतात, कधी त्यात फ्लुरोयुरॅसिल मिसळतात, तर कधी गाठ थंडाव्याने गोठवतात किंवा तिच्यावर सिलिकॉनचे जेल लावतात. नुसती कापून काढली तर ती निम्म्याहून अधिक वेळा परत येते, बऱ्याचदा आधीपेक्षा मोठी होऊन.

प्रत्यक्षात उपचारांचा क्रम असा असतो. मुरूम आटोक्यात आणायचे आणि काही महिने नवे येत नाहीत याची खात्री करायची. मग सबसिजन आणि क्रॉस करायचे, आणि शेवटी लेसर किंवा मायक्रोनीडलिंगने पोत सारखा करायचा. एकाच चेहऱ्यावर तीन-चार पद्धती लागतात आणि सगळे मिळून वर्ष-दीड वर्ष जाते. कोलॅजन सावकाश बनते, त्यामुळे एका प्रक्रियेचा परिणाम तीन ते सहा महिन्यांनीच मोजावा. वण पूर्ण नाहीसे होत नाहीत. निम्म्याहून जास्त सुधारणा हा चांगला निकाल मानला जातो, आणि तेवढ्याने पन्नास सेंटिमीटरवरून दिसणारे वण न दिसण्याजोगे होतात. ‘शंभर टक्के गॅरंटी’ देणाऱ्याला वणांची माहिती नसते किंवा तो खोटे बोलत असतो.

चेहऱ्यावरच्या वणांमुळे तरुण मुले-मुली फोटो टाळतात, मुलाखतीला जाताना कचरतात, लग्न ठरवताना अपमान सोसतात. उपचार घेण्याची त्यांची इच्छा ही चैन नव्हे. मात्र पार्लरमध्ये किंवा फक्त यंत्र चालवण्याचे शिक्षण घेतलेल्या व्यक्तीकडून सुया आणि लेसर करून घेऊ नयेत. डॉक्टरकडे त्वचारोगशास्त्रातली एमडी, डीएनबी किंवा डीडीव्हीएल ही पदवी-पदविका आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. खासगी उपचार परवडत नसतील तर मुंबईतले केईएम आणि सायन, पुण्यातले ससून, गोव्यातले बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय अशा सार्वजनिक रुग्णालयांत त्वचारोग विभाग आहेत. खोल, दुखरे मुरूम येत असतील तर तिथे जाण्यासाठी पहिला खड्डा पडायची वाट पाहू नये.